हेल्मेट निसटलं की शिट्टी: अमेरिकन फुटबॉलमधले पंच नेमकं काय बघतात

४ नोव्हेंबर २००७. फिलाडेल्फियात ईगल्स विरुद्ध डॅलस काउबॉइज असा सामना चालू होता. काउबॉइजच्या जेसन विटनने पास झेलला आणि दुसऱ्याच क्षणी ईगल्सचे दोन बचावपटू त्याच्यावर येऊन आदळले. त्या दणक्यात विटनचं हेल्मेट डोक्यावरून उडालं. विटन मात्र पडला नाही. चेंडू छातीशी धरून, उघड्या डोक्याने तो पळतच सुटला. शेवटी त्याला खाली पाडलं तोवर त्या एका खेळीत ५३ यार्ड मिळाले होते. सामना काउबॉइजने ३८-१७ असा जिंकला, आणि विटनचं नाव निघालं की आजही अनेकांना सगळ्यात आधी तीच धाव आठवते.

आज तो असा पळू शकणार नाही. २०१०पासून एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, नियम असा आहे की ज्याच्या हातात चेंडू आहे त्याचं हेल्मेट पूर्ण निघालं, की तिथल्या तिथे डेड बॉल. चेंडू त्या क्षणी जिथे असेल तिथेच खेळी संपते. पुढे मैदान मोकळं असो, गोल लाइन, म्हणजे जी ओलांडली की गुण मिळतात ती रेघ, दोन पावलांवर असो, काही फरक पडत नाही. विटनची ती धाव आज झाली, तर हेल्मेट उडाल्यानंतरचा एकही यार्ड त्याच्या खात्यावर लागणार नाही.

वरवर पाहता हा एवढासा नियम. पण मैदानावर तो राबवायचा म्हणजे पंचांना एका सेकंदाच्या आत तीन-चार गोष्टी ठरवाव्या लागतात. शिवाय हेल्मेट कुणाचं निघालं, कशामुळे निघालं आणि घड्याळात किती वेळ उरला होता, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आधी खेळाची तोंडओळख. कोल्हापुरात आणि गोव्यात ज्या फुटबॉलसाठी गर्दी लोटते, तो हा खेळ नव्हे. इथे चेंडू लांबट असतो, हातात घेऊन पळतात किंवा फेकतात, आणि समोरचा संघ अंगावर झेपावून पळणाऱ्याला जमिनीवर पाडतो. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. अशा एका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. डाऊन काही सेकंदांतच संपतो, पण तेवढ्या वेळात मैदानावरचे बावीसही जण एकमेकांवर जोरात आदळत असतात. म्हणून डोक्यावर कठीण कवचाचं हेल्मेट, तोंडापुढे जाळी आणि हनुवटीखाली घट्ट आवळलेला पट्टा, म्हणजे चिनस्ट्रॅप.

क्रिकेटमध्येही हेल्मेट पडण्याला नियमांत जागा आहे, पण तिथला विचार निराळा. २००७मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ड्वेन ब्राव्होचा उसळता चेंडू केविन पीटरसनच्या हेल्मेटवर लागला, हेल्मेट निसटून यष्ट्यांवर पडलं आणि पीटरसन हिट विकेट बाद झाला. म्हणजे हेल्मेटने काय पाडलं, हा तिथला प्रश्न. अमेरिकन फुटबॉलचे पंच मात्र हेल्मेट गेल्यावर मागे राहिलेल्या उघड्या डोक्याची काळजी करतात.

नियमांची पुस्तकं तीन आहेत, आणि इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. एनएफएलचं एक, कॉलेज सामन्यांसाठी एनसीएए या संस्थेचं दुसरं आणि शाळांसाठी एनएफएचएस या संघटनेचं तिसरं. त्यातही टेक्ससमधली सरकारी हायस्कुलं बहुतांशी कॉलेजच्या नियमांवर खेळतात. त्यामुळे डॅलसच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मुलाच्या सामन्यात एक नियम दिसेल आणि न्यू जर्सीतल्या त्यांच्या नातेवाइकांना थोडा वेगळा. चेंडूवाल्याचं हेल्मेट निघालं की खेळ थांबतो, यावर मात्र तिन्ही पुस्तकांचं एकमत आहे.

आता पंच काय करतात ते पाहू. एनएफएलमध्ये मैदानावर सात पंच असतात, कॉलेजच्या मोठ्या सामन्यांत आठ, शाळेत बहुधा पाच किंवा त्याच्या आसपास. पांढरी टोपी घातलेला रेफरी प्रमुख. प्रत्येकाला नजर ठेवायला आपापला भाग वाटून दिलेला असतो. चेंडू घेऊन पळणारा ज्याच्या भागात असेल, हेल्मेटचा निर्णयही त्याचाच.

त्याला पहिली खात्री करायची असते ती हेल्मेट पूर्ण निघाल्याची. नियमातला ‘पूर्ण’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. धक्क्याने हेल्मेट फिरलं, जाळी कानाकडे गेली, खेळाडूला समोरचं दिसेनासं झालं, तरी हेल्मेट डोक्यावर अडकून असेल तर या नियमाने खेळ थांबत नाही. बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि धावत्या माणसाच्या बाबतीत ‘निघालं’ किंवा ‘नाही निघालं’ एवढंच नजरेने ठरवता येतं.

दुसरी खात्री चेंडूची. तो त्या क्षणी खेळाडूच्या ताब्यात होता का? टॅकल झाला, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडलं, आधी चेंडू हातातून सुटला आणि मग हेल्मेट उडालं, तर चेंडू जिवंत आहे, खेळ चालू आहे. हेच उलट क्रमाने घडलं, आधी हेल्मेट आणि मग चेंडू, तर खेळ आधीच संपलेला असतो आणि सुटलेल्या चेंडूवर कुणी कितीही उड्या मारल्या तरी त्याला अर्थ नाही. या दोन गोष्टींमध्ये कधीकधी डोळ्याची पापणी लवण्याइतकंच अंतर असतं, पण चेंडू कोणत्या संघाकडे जाणार ते त्यावर ठरतं. म्हणूनच चेंडू प्रत्यक्ष दिसल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही, हे पंचांच्या अंगी बाणवलेलं असतं. घाईत चुकीची शिट्टी गेली तर ती परत घेता येत नाही. शाळा-कॉलेजच्या नियमांत चेंडू कुणाच्या ताब्यात असताना अशी शिट्टी वाजली, तर त्या संघाला विचारतात: आहे तिथून पुढे खेळता, की तो डाऊन पुन्हा घेता? पास हवेत असताना वाजली तर डाऊन पुन्हाच खेळावा लागतो.

दोन्ही खात्र्या पटल्या की शिट्टी, घड्याळ थांबवण्याची खूण, आणि हेल्मेट निघालं तेव्हा चेंडू जिथे होता तिथे पाय रोवून उभं राहणं. क्वार्टरबॅकलाही, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूलाही, हाच नियम लागू. पास फेकण्यासाठी चेंडू हातात घेऊन तो मागे सरकतोय आणि कुणाच्या तरी हाताच्या फटक्याने त्याचं हेल्मेट उडालं, तर तोही त्या घडीला चेंडूवालाच. पास सुटायच्या आत खेळ थांबतो आणि मागे गेलेले यार्ड संघाच्या बोकांडी बसतात. गोल लाइनच्या अलीकडे हेल्मेट गेलं तर टचडाऊन, म्हणजे चेंडू त्या रेघेपार नेल्याचे गुण, नाही. ओलांडल्यावर गेलं तर टचडाऊन पक्का.

हे झालं चेंडूवाल्याचं. पण मैदानावर आणखी एकवीस जण असतात, आणि हेल्मेट त्यांचीही निघतात. त्यांच्यासाठी खेळ थांबवत नाहीत. दूर कोपऱ्यात एका बचावपटूचं हेल्मेट पडलं म्हणून पन्नास यार्ड पलीकडे चाललेली धाव थांबवली, तर बचाव करणाऱ्या संघाला आयती पळवाट मिळेल. मग त्या उघड्या डोक्याच्या खेळाडूने करायचं काय?

शाळा आणि कॉलेजच्या नियमांचं उत्तर असं: हातात चालू असलेली झटापट पुरी कर आणि बाजूला हो. समजा, एका लाइनमनने, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूने, समोरच्याला रोखून धरलंय आणि त्यातच त्याचं हेल्मेट निघालं. तो त्याच माणसाला रोखत राहू शकतो. पण त्याला सोडून दुसऱ्या कुणाला अडवायला धावला, की पंचाचा पिवळा रुमाल, म्हणजे फाउलची खूण, पडतो आणि संघाला १५ यार्डांचा दंड होतो. बचावपटूचंही तसंच. पळणाऱ्याच्या कमरेला मिठी मारलेली असताना हेल्मेट गेलं, तर तो टॅकल पुरा करू शकतो. पळणारा निसटला आणि हा उठून पुन्हा त्याच्या मागे लागला, तर दंड. शाळेच्या नियमांत याची दुसरी बाजूही आहे: हेल्मेट गेलेल्या खेळाडूवर प्रतिस्पर्ध्याने नव्याने जाऊन धडक दिली, तर दंड धडक देणाऱ्याला.

मला हा नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ऐन झटापटीत असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ‘आहेस तिथे गोठून उभा राहा’ म्हणणं अशक्य आहे, आणि तो तसा उभा राहिलाच तर जास्त मार खाईल. पण झटापट संपल्यावर नवी धडक घ्यायची की नाही, हे ठरवायला त्याला एक क्षण मिळतो. नियम त्या क्षणावर बोट ठेवतो. आणि तो क्षण नेमका टिपायचं काम पंचाचं असतं. त्याने एकदा उघडं डोकं पाहिलं की त्याची एक नजर तिथेच राहते.

डाऊन संपल्यावर पुढची पायरी. कॉलेज आणि शाळा, दोन्हीकडे २०१२पासून ज्याचं हेल्मेट खेळताना निघालं त्याला पुढच्या एका डाऊनपुरतं बाहेर जावं लागतं. कॉलेजवाल्यांनी २०११च्या हंगामात नोंदी ठेवल्या, तेव्हा एका सामन्यात सरासरी दोनपेक्षा जास्त वेळा हेल्मेट निघत असल्याचं आढळलं. दर सामन्यात हे होतं, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येणार नव्हतं. पट्टे सैल ठेवले जात होते, मापं चुकत होती. एक डाऊन बाहेर बसवायला लागल्यावर खेळाडू आणि प्रशिक्षक स्वतःहून पट्टे तपासू लागतील, हा त्यामागचा हिशेब. त्याच वेळी बाजूला उभ्या असलेल्या वैद्यकीय मदतनिसाला मुलाकडे एकदा नीट बघायला सवड मिळते.

पंच इथे आकडा टिपतात. कुणाचं हेल्मेट गेलं, त्याच्या जर्सीवरचा नंबर काय, तो बाहेर गेला का, त्याच्या जागी कोण आलं, हे बघेपर्यंत पुढचा डाऊन सुरू होऊ देत नाहीत. टचडाऊननंतरची किक हाही पुढचाच डाऊन धरला जातो. शाळेच्या नियमांत मधली सुट्टी किंवा जादा वेळेआधीची विश्रांती आली, तर एवढ्यावर भागतं, वेगळं बाहेर बसावं लागत नाही. कॉलेजमध्ये संघ आपला एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घेण्याचा हक्क, खर्च करून खेळाडूला मैदानावर ठेवू शकतो. टाइमआउट मोजकेच मिळतात, त्यामुळे हा सौदा महागाचाच असतो.

एक अपवाद मात्र फार न्याय्य आहे. प्रतिस्पर्ध्याच्या फाउलमुळे हेल्मेट निघालं असेल, उदाहरणार्थ त्याने जाळीला हात घालून खेचलं असेल, तर खेळाडूला बाहेर जावं लागत नाही. दंड होतो खेचणाऱ्याच्या संघाला, १५ यार्ड. हा अपवाद नसता तर ऐन मोक्याच्या वेळी समोरच्या क्वार्टरबॅकचं हेल्मेट ओढायचं आणि त्याला एका डाऊनसाठी घरी बसवायचं, असा डाव कुणीही टाकला असता. पण त्यामुळेच पंचाचं काम आणखी अवघड होतं. हेल्मेट निघालं एवढं पाहून चालत नाही. जाळीत बोटं अडकली होती का, की कायदेशीर टॅकलमध्येच ते निसटलं, हेही बघावं लागतं. प्रेक्षकांत ‘फाउल, फाउल’ असा गलका उठतो तो बहुधा याच वेळी. कायदेशीर धडकेने हेल्मेट निघालं तर फाउल कुणाचाच नाही, आणि ज्याचं निघालं तोच बाहेर जातो. पहिल्यांदा बघणाऱ्या आईवडिलांना हे हमखास अन्यायाचं वाटतं.

मग घड्याळ. सामन्याच्या शेवटच्या मिनिटात मागे पडलेल्या संघाला सेकंद वाचवायचे असतात, आणि हेल्मेट निघालं की घड्याळ थांबतं. चिनस्ट्रॅप मुद्दाम सैल ठेवून फुकटात घड्याळ थांबवायचा मोह कुणाला तरी होणारच. त्यावर कॉलेजच्या नियमात तोड आहे. कोणत्याही अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू असलेल्या संघातल्या कुणाचं हेल्मेट निघालं आणि घड्याळ केवळ त्याच कारणाने थांबलं, तर प्रतिस्पर्धी संघ घड्याळातून आणखी १० सेकंद कमी करून घेऊ शकतो. टाइमआउट शिल्लक असेल तर तो देऊन हे टाळता येतं. नसेल आणि घड्याळात नऊच सेकंद उरले असतील, तर तो अर्धा तिथेच संपतो.

हेल्मेट स्वतःहून काढणं हा वेगळाच गुन्हा. जल्लोष करताना किंवा भांडताना मैदानावर हेल्मेट काढलं, तर एनएफएलमध्ये १५ यार्ड. याची किंमत क्लीव्हलंड ब्राउन्सने ८ सप्टेंबर २००२ला मोजली. कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध ते ३९-३७ असे पुढे होते. सामना संपला असं समजून त्यांच्या ड्वेन रडने आनंदाने हेल्मेट काढून भिरकावलं. पण समोरच्या क्वार्टरबॅकने खाली पडता पडता चेंडू साथीदाराकडे दिला होता आणि खेळ चालूच होता. घड्याळ शून्यावर आलं होतं, तरी दंडामुळे चीफ्सना आणखी एक खेळी मिळाली. मॉर्टन अँडरसनने चेंडूला लाथ मारून तीन गुणांचा फील्ड गोल केला आणि चीफ्स ४०-३९ने जिंकले.

दुसऱ्याचं हेल्मेट ओढून काढणं त्याहून गंभीर. १४ नोव्हेंबर २०१९ला ब्राउन्सच्याच माइल्स गॅरेटने पिट्सबर्ग स्टीलर्सच्या मेसन रुडॉल्फचं हेल्मेट उपटून काढलं आणि त्याच हेल्मेटने त्याच्या उघड्या डोक्यावर प्रहार केला. सामना संपायला आठ सेकंद उरले होते. गॅरेटला मैदानाबाहेर काढलं, बेमुदत निलंबित केलं आणि त्या हंगामातले उरलेले सहाही सामने त्याला खेळता आले नाहीत.

एवढा कडकपणा कशासाठी, हे कळायला हेल्मेट काय करतं आणि काय करत नाही हे माहीत हवं. हेल्मेट कवटी वाचवतं. कवटी फुटणं, आत रक्तस्राव होणं, असे धोके त्याने खूप कमी होतात. पण डोकं वेगात असताना अचानक थांबलं, तर आतला मेंदू हलायचा तो हलतोच. त्याने होणारी इजा, म्हणजे कन्कशन, हेल्मेट पूर्ण थांबवू शकत नाही. हेल्मेट असतानाच जर एवढी जोखीम असेल, तर ते नसताना काय होईल याचा विचार करा. भोवतालच्या सगळ्यांच्या डोक्यांवर कठीण कवचं आहेत, आणि मधोमध एक उघडं डोकं. एनएफएलने १९४३मध्ये हेल्मेट सक्तीचं केलं. त्याआधी १९४०च्या अंतिम सामन्यातही शिकागो बेअर्सचा डिक प्लास्मन हेल्मेटशिवाय खेळला होता. पण तेव्हाची हेल्मेट मुख्यतः चामड्याची होती. आजचं कवच प्लास्टिकचं, कठीण, आणि समोरच्याच्या उघड्या डोक्यासाठी ते शस्त्रच ठरतं.

आणि निर्णय खेळाडूवर का सोडत नाहीत, याचं उत्तर वॉशिंग्टन राज्यातल्या एका मुलाच्या कहाणीत आहे. झॅकरी लिस्टेड २००६मध्ये तेरा वर्षांचा होता. शाळेच्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला, तो थोडा वेळ बाहेर बसला आणि त्याच सामन्यात पुन्हा खेळायला उतरला. सामना संपल्यावर तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण त्याला बोलायला, चालायला नव्याने शिकावं लागलं. २००९मध्ये वॉशिंग्टनने त्याच्या नावाचा कायदा केला: कन्कशनची शंका आली की मुलाला लगेच बाहेर काढायचं, आणि जाणकार वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. २०१४पर्यंत सगळ्या ५० राज्यांत असे कायदे झाले होते.

तेरा वर्षांचा मुलगा ‘मला खेळायचंय’च म्हणणार. विटनही थांबला नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाकडून ती अपेक्षाही करता येत नाही. ज्या जिद्दीमुळे तो तिथवर पोचला तीच जिद्द त्याला पुढे पळवते. म्हणून थांबवायचा अधिकार अशा माणसाच्या हाती हवा, ज्याला यार्ड मिळाले काय, न मिळाले काय, सारखंच. तो माणूस पंच. हेल्मेट निघाल्यावर बाहेर पाठवलेला मुलगा गोंधळलेला दिसला, तोल जात असला, भलत्याच संघाच्या बाकाकडे चालू लागला, तर पंच त्याला एका डाऊनपुरतं नव्हे, तपासणी होईपर्यंत बाहेर ठेवतात.

अमेरिकेत ज्यांची मुलं हा खेळ खेळतात, त्या आईवडिलांना हंगामाच्या सुरुवातीला शाळेकडून कन्कशनबद्दलचा एक कागद सहीसाठी येतो. बहुतेक राज्यांत तो कायद्याने बंधनकारक आहे. इतर फॉर्मच्या गठ्ठ्यात त्यावरही भराभर सही होते. तो बसून, मुलाबरोबर वाचा. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, मळमळ, आठवण पुसट होणं, ही लक्षणं त्यात दिलेली असतात, आणि ती कधीकधी सामन्यानंतर घरी आल्यावर दिसतात, जिथे पंच नसतो.

सामन्याआधी रेफरी प्रशिक्षकाला विचारतो की तुमच्या सगळ्या खेळाडूंची साधनं नियमाप्रमाणे आहेत ना, आणि प्रशिक्षक ‘हो’ म्हणतो. पण हेल्मेट नीट बसलंय की नाही हे घरीही बघता येतं. पुढची कड भुवयांच्या साधारण एक इंच वर हवी. गालांच्या गाद्या गालांना टेकलेल्या हव्यात. चिनस्ट्रॅपची चारही टोकं लावून जाळी धरून हेल्मेट डावी-उजवीकडे हलवलं, तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकायला हवी. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर ते सैल आहे. ज्या हेल्मेटमध्ये हवेच्या गाद्या असतात त्यांतली हवा हळूहळू कमी होते, त्यामुळे ऑगस्टमध्ये घट्ट बसलेलं हेल्मेट ऑक्टोबरात सैल होऊ शकतं. आणि मुलाने मधेच केस बारीक कापले, तर पुढच्या सरावाआधी शाळेत साधनं सांभाळणाऱ्या माणसाकडे त्याला पाठवून माप पुन्हा बघायला सांगा.